तुझ्या अंगणातलं गवत आणि माझी क्षमापना

दोंडाईचा,
संवत्सरीनंतरचा रविवार

वयाने माझ्याहून जरासा मोठा आणि तेवढ्या जोरावर जन्मभर मला दम देत आलेला माझा शेजारी, मास्तर श्री. धनसिंगभाऊ यांच्या सेवेशी निर्मलकुमारचा हात जोडून जय जिनेंद्र. (एवढा मान पुरे. सवय नाही, त्यामुळे अवघडल्यासारखं होतं. आता नेहमीसारखं लिहितो.)

धनसिंग, तुझा गुडघा कसा आहे? सुरतेची हवा मानवली का? अकराव्या मजल्यावर वारा फार छान येतो असं तुझा भूपेंद्र फोनवर सांगत होता, पण तू काही वाऱ्यावर जगणारा माणूस नाहीस. म्हणून विचारतो, कळण्याची भाकरी कुणी करून देतं का, आणि ठेचा मिळतो की तिथं ठेच्यातही साखर घालतात? लिफ्टची भीती गेली असेल तर उत्तम. गेली नसेल तर कुणाजवळ बोलू नकोस. शाळेतल्या पोरांना दोरावर चढवून खाली शिट्टी फुंकत उभा राहणारा मास्तर लिफ्टला भितो, हे इथं कळलं तर तुझे जुने विद्यार्थी मिरवणूक काढतील. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. मंजूची आठ उपवासांची अठाई छान पार पडली, पारण्याला सगळी गल्ली येऊन गेली. दुकान अमन बघतो, आणि मी दुकानात गेलो की तो मला बघतो, की बाबांनी कुठलं ठाण उलगडून ठेवलं आणि गुंडाळलं नाही. माझा उजवा खांदा तेवढा दुखतो, त्याचं कारण पुढे येईलच. तुझ्यावाचून इथं काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको.

आता पत्र कशाला, हा माणूस तर रोज फोन करतो, असं तुला वाटेल. तर तुझा फोन हल्ली स्पीकरवर असतो. मी 'कसा आहेस' विचारलं की भूपेंद्र सांगतो, पप्पा मजेत आहेत. मग सूनबाई सांगतात, पप्पा मजेत आहेत. आणि शेवटी लांबून तुझा आवाज येतो, 'हा, ठीक शे.' ज्या माणसाने एका कपड्याच्या रंगावरून माझ्याशी दुकानाच्या पायरीवर दुपार घालवली आहे, तो आता दोन शब्दांत आटोपतो. आणि क्षमापना काही स्पीकरवर करता येत नाही. दरवर्षी संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं की मी जैन स्थानकातून परस्पर तुझ्याकडे यायचो, बुटकी भिंत ओलांडून, आणि हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम' म्हणायचो. तू पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचास, 'जाय रे, माफ शे तुले!' मी काय केलं होतं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही, सगळा ठोक व्यवहार होता. यंदाही मी सवयीने भिंत ओलांडली. ओट्यापर्यंत गेलो, हात जोडले, आणि मग लक्षात आलं की समोर कुलूप आहे. ओट्यावर एक मुंगूस बसलं होतं, ते माझ्याकडे बघत राहिलं. मी त्याचीच क्षमा मागितली, खमतखामणा करून परत आलो.

यंदा क्षमा मागण्यासारखं बरंच साठलं आहे, आणि ते सगळं तुझ्या त्या पेट्रोलच्या ग्रास कटरमुळे साठलं आहे. तू होळीनंतर जायच्या आदल्या दिवशी ते यंत्र माझ्या गळ्यात घातलंस (त्याला पट्टा आहे, त्यामुळे अक्षरशः गळ्यात), आणि म्हणालास, पाऊस पडला की आवारात बठ्ठं रान माजतं, तेवढं बघत जा, मी कधीही येईन. मग ओट्यावर मला उभं करून शिकवणी घेतलीस. रबरी फुगा दाब, चोक बंद कर, दोरी ओढ, चोक उघड, पुन्हा ओढ. मी मान डोलवत होतो. खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हतो. तुझ्या मागे दार उघडं होतं आणि आत तुझी बांधलेली वळकटी दिसत होती. वहिनींची शिलाई मशीन चादरीत गुंडाळलेली दिसत होती. कधीही येणारा माणूस शिलाई मशीन नेत नाही, असं माझ्या मनात चाललं होतं. त्यामुळे चोक कधी उघडायचा ते माझ्या डोक्यात राहिलंच नाही, आणि ते न राहिल्याचे परिणाम सबंध गल्लीने भोगले.

पहिल्या पावसानंतर गवत घोट्याच्या वर आलं, तसं मी यंत्र बाहेर काढलं. त्याआधी घरात मोठी सुनावणी झाली. मंजूचं म्हणणं, हिरवं कापायचं म्हणजे त्यात हजारो जीव, आणि ते आपल्या हाताने का? मी म्हटलं, गवत धनसिंगचं, मशीन धनसिंगचं, पेट्रोलही धनसिंगच्या डब्यातलं. तिने विचारलं, आणि हात कुणाचे? मी हात पाठीमागे घेतले. शेवटी शेजाऱ्याचं घर सांभाळणं हाही धर्मच आहे, एवढं तिने मान्य केलं, पण अटी घातल्या. तिथीला मशीनला हात लावायचा नाही. पर्युषणात तर त्याच्याकडे बघायचंही नाही. त्यासोबत जे लोखंडी पातं आलं होतं ते तिने कपाटात ठेवून चावी कमरेला लावली. नायलॉनच्या दोरीचं डोकं तेवढं चालेल, कारण दोरी काय, आपण दुकानात गठ्ठ्यांना बांधतोच. (ती दोरी फिरायला लागली की काय करते हे तिने पुढे पाहिलं, पण शब्द देऊन झाला होता.) आणि सगळ्यात मुख्य अट, यंत्र सुरू करण्याआधी सगळ्या आवारात थाळी वाजवत फिरायचं, म्हणजे बेडूक, किडे, सरडे, ज्याला जायचं असेल त्याला जायला वेळ मिळेल.

तर मी डोळ्यांवर तो मोठा चष्मा लावून, पायात अमनचे गमबूट घालून, तुझ्या रिकाम्या घराभोवती थाळी वाजवत फिरलो. समोरच्या गच्च्यांवर माणसं गोळा झाली. पुन्हा कसली साथ आली, असं एकाने वरून विचारलंसुद्धा. थाळी ठेवून मी फुगा दाबला, दोरी ओढली. पुन्हा ओढली. काही नाही. चोक बंदच होता, मी ओढत होतो, आणि पेट्रोल आत जाऊन प्लग भिजत होता, हे मला नंतर कळलं. खांदा तेव्हा जो निखळल्यासारखा झाला तो आजतागायत. गच्चीवरून सल्ले यायला लागले. मोटारसायकल सुरू करता येणारा प्रत्येक माणूस ह्या विषयातला जाणकार असतो, असं दिसतं. मग मला आठवलं की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं असतं. ते मी मिसळलंच नव्हतं. मग मिसळलं ते हात न आखडता. आमच्या धंद्यात मापाला चार बोटं जास्त दिलं की गिऱ्हाईक खूश होतं, तसंच मशीनही होईल असं मला वाटलं. ते सुरू झालं मात्र, आणि असा निळा-पांढरा धूर निघाला की नगरपालिकेची डासांची फवारणी आली समजून लोकांनी खिडक्या लावल्या, पाण्याचे माठ झाकले. मला स्वतःला माझे गमबूट दिसत नव्हते. त्या धुरात मी जे काही कापलं ते गवत होतं एवढं नक्की, कारण दुसरं काही हाताला लागायला जागेवर उरलंच नव्हतं.

धुराची तक्रार तुला फोनवर सांगितली तेव्हा तू (स्पीकर असूनही) बरंच बोललास, आठवतं? कचरा जात असेल, पेट्रोल नीट गाळी घे, बारीक कापडातून, नाहीतर कार्बोरेटर चोंदतो. तेवढं एक वाक्य मी मनापासून ऐकलं, कारण त्यात कापड होतं. आता आमच्या घरात गाळायचं सगळ्यात चोख कापड कुठलं? जे मंजू पाणी गाळायला वापरते ते. दुहेरी घडीचं, घट्ट विणीचं, मीच दुकानातून निवडून आणलेलं. मी त्यातून पेट्रोल गाळलं. साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं, जिथं होतं तिथं घडी करून ठेवलं. माझ्या हिशेबाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नेमकी आठम आणि मंजूचा उपवास. तिने त्या कापडातून पाणी गाळलं, उकळायला ठेवलं, आणि घरात पेट्रोल पंपासारखा वास सुटला. उपवासाला बाईला फक्त उकळलेल्या पाण्याचा आधार, तोही गेला. नवं कापड आणून पाणी पुन्हा उकळून गार होईपर्यंत दुपार झाली. ती एक शब्द बोलली नाही. (तू मंजूला ओळखतोस. ती बोलते तेव्हा मी घाबरत नाही.) संवत्सरीला मी सगळ्यात आधी तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, माफ केलं, पण ते कापड मी जपून ठेवलं आहे. हे कशासाठी, ते मी विचारलं नाही. कार्बोरेटर मात्र स्वच्छ झाला बरं का, तू बरोबर होतास.

दोरीचंही सांगतो, म्हणजे माझ्या माथी काही शिल्लक राहायला नको. दोरी झिजली की डोकं जमिनीवर आपटायचं, आपोआप बाहेर येते, असं तू दाखवलं होतंस. पण खाली मुंग्यांची रांग असली तर? म्हणून मी डोकं हळूच टेकवायचो, झोपलेल्या लेकराला गादीवर ठेवतात तसं. दोरी येईना. शेवटी बोटभर दोरीने मी तुझं सगळं मागचं अंगण कापलं, म्हणजे कापलं कसलं, गवताला गुदगुल्या केल्या. मग नवी दोरी भरली ती उलटी गुंडाळली. सुरू केल्याबरोबर सगळी सुटून उडाली आणि तुझ्या न्हाणीच्या खिडकीची काच गेली. काच मी बसवून घेतली आहे, आधीपेक्षा चांगली. आधीच्या काचेला तडा होता, तो तुझ्याच क्रिकेटच्या चेंडूने गेला होता, त्यामुळे ह्या बाबतीत निम्मीच क्षमा मागतो.

पण एक गोष्ट निम्मी नाही. श्रावणात एका संध्याकाळी मी विहिरीच्या कडेने कापत येत होतो. आता हात बसला होता, मशीनही बरं चाललं होतं, मला तुझी आठवण येत होती आणि त्यात मी जरा तोऱ्यात होतो, की मास्तर बघायला हवा होता. गवत उंच आलेलं, पाती लांब. मी सरळ कापत गेलो आणि एकदम वास आला. धनसिंग, तो गवती चहा होता. कोकिळावहिनींनी विहिरीच्या सांडपाण्यावर लावलेला, सगळं बेट मी जमिनीबरोबर केलं. मी मशीन बंद केलं. वास इतका सुटला की गल्लीतल्या बायका दारात आल्या. मी तिथं खाली बसलो, गमबुटांसकट. मला सूर्यास्तानंतर चालत नाही म्हणून वहिनी संध्याकाळचा चहा उजेडातच ठेवायच्या. तू कुरकुरायचास, इतक्या लवकर कसला चहा, पण प्यायचास. वहिनी गेल्यावर तू स्वतः ठेवायला लागलास, साखर कधी जास्त, कधी विसरून, पण उजेड असतानाच. हल्ली मी चहा घरीच घेतो. मंजू चांगला करते. पण उजेड असतानाच्या त्या वेळेला मला दुसरं काय करायचं ते सुचत नाही. मी भिंतीपाशी उभा राहतो. सुरत पॅसेंजर गेलेली ऐकू येते. मग आत जातो. मला तुझी फार आठवण येते, एवढंच ह्यात आहे, बाकी कापल्याचं निमित्त. गवती चहाला पुन्हा फुटवे आलेत, त्याची काळजी नको.

आता मुख्य घोळ. तुला बरं वाटावं म्हणून मी तुझ्या फोनवर आवाराचे फोटो पाठवत होतो. एकदा सगळं इतकं देखणं कापलं गेलं की मंजूने मला मशीनसह उभं करून फोटो काढला. मला वाटलं, तू अकराव्या मजल्यावर बसून बघत असशील आणि तुला घरी यावंसं वाटेल. त्यासाठीच तर चाललं होतं सगळं. मग एक दिवस दलाल मगन तुझ्या फाटकाशी दोन माणसं घेऊन उभा. मी विचारलं, हे काय? त्याने फोन काढून दाखवला. तुझ्या घराची विक्रीची जाहिरात, आणि सगळे फोटो माझे. भूपेंद्रने तुझ्या फोनवरून घेतले असणार. शेवटच्या फोटोत चष्मा, पट्टा, गमबूट घातलेला मी, आणि खाली लिहिलेलं, 'प्रशस्त आवार, नियमित निगा, माळी उपलब्ध.' आलेल्यांपैकी एकाने माझ्याकडे बघून आपुलकीने विचारलं, माळीबाबा, पुढेही राहाल ना कामाला? मगनला मी दोंडाईच्यात कापडाचा व्यापारी म्हणून चांगला माहीत आहे, पण माळी असल्याने भाव चढतो, असं तो मला नंतर बाजूला घेऊन म्हणाला.

मला माळी म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. तू येशील म्हणून मी जितकं चांगलं कापत गेलो, तितकं तुझं घर विकायला सोपं होत गेलं, ह्याचं वाटलं. तू मला का नाही सांगितलंस? की तुलाही कुणी विचारलं नाही? फोनवर विचारलं असतं, पण मग भूपेंद्रने सांगितलं असतं, पप्पा मजेत आहेत. भूपेंद्रवर माझा राग नाही. गुडघ्याचं दुखणं घेऊन बाप एकटा राहतो, ह्याने कुठल्या मुलाला झोप लागेल? त्याच्या जागी अमन असता तर त्यानेही हेच केलं असतं, आणि फोटोही कदाचित हेच वापरले असते.

असो. पर्युषणाच्या दिवसांत मशीनला हात लावला नाही, पाऊस चांगला झाला, आणि आता गवत गुडघ्याला लागलं आहे. मगन रोज येऊन विचारतो, शेठ, कधी कापता, पार्ट्या फाटकातून परत जातात. पण नाइलाज आहे. मशीन बंद पडलं आहे. फुगा दाबतो, चोक लावतो, उघडतो, दोरी ओढतो, पण ते ढिम्म. एवढं सोपवलेलं काम माझ्याकडून राहून गेलं, त्याचीही ह्या पत्रात क्षमा मागतो. मनाने, वाणीने, कायेने, आणि ग्रास कटरने तुझं जे काही दुखावलं असेल त्याबद्दल मिच्छामि दुक्कडम. घरात सगळ्यांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझा,
निर्मलकुमार

ता.क. पाकिटावर मुद्दाम मोठ्या अक्षरात 'क्षमापना पत्र' लिहिलं आहे, म्हणजे धर्माचं काहीतरी आहे समजून कुणी उघडणार नाही.

ता.क. मशीन बंद पडलेलं नाही. त्याचा प्लग मी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आहे. क्षमापनेच्या पत्रातच खोटं लिहिलं म्हणून मंजूने हे खाली लिहायला लावलं. पण प्लग परत लाव असं ती म्हणाली नाही, हेही लक्षात घे.

ता.क. पाकीट चिकटवणार एवढ्यात मगन आणखी दोघांना घेऊन आला. तरुण नवरा-बायको, शहाद्याकडची, बाईंनी साडी वर धरली आणि त्या गवतातून सरळ ओट्यापर्यंत चालत गेल्या. गवताचं त्यांना काही वाटलं नाही. चांगली माणसं आहेत, हीच पंचाईत आहे. जाताना त्यांनी मला विचारलं, इथं शेजार कसा आहे? मी ठरवून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर भांडकुदळ आहे, थाळ्या वाजवतो, धूर करतो, असं सगळं सांगायचं. सगळं खरंही होतं. पण माझ्या तोंडून निघालं, शेजार फार चांगला होता. बाईंनी परत विचारलं, होता म्हणजे? मी घरात आलो. ते पुढच्या रविवारी बयाण्याचे पैसे घेऊन येणार आहेत. त्याआधी तू ये, धनसिंग. विकायचं असेल तर विक, मी अडवणार नाही, आवारही कापून देतो. पण फोनवर 'ठीक शे' म्हणून विकू नकोस. आधी ये.